डिकीतले खण: बारा एमएमचा प्लाय, बेअरिंग आणि वजनाचा हिशोब

गाडीत सामानासाठी सरकते खण (ड्रॉवर) बनवायचे ठरले की बहुतेक जण टेप घेऊन डिकीत शिरतात. टेप जरा थांबू दे. आधी गाडीचं मॅन्युअल काढा आणि दोन आकडे शोधा: मोकळ्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. पाच दरवाजांची जिम्नी घेतली तर पहिला आकडा १२०० किलोच्या आसपास आणि दुसरा १५४५ किलो. म्हणजे हातात उरतात साधारण ३४० किलो. ७० किलोची चार माणसं बसली की २८० संपले. उरलेल्या ६० किलोत पाण्याचे कॅन, तंबू, हत्यारं, हवा भरायचा कॉम्प्रेसर, शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी), दोर आणि हे सगळं ठेवायला खण. आता नेहमीच्या पद्धतीने बनवलेली खणांची जोडी, म्हणजे १८ एमएम प्लायचा सांगाडा आणि लोखंडी हेवी ड्यूटी चॅनल (खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्या), रिकामीच ७० किलोच्या पुढे जाते. गाडीत एक माणूस जास्तीचा बसवल्यासारखं ते आहे, आणि तोही कायमचा, बरोबर मागच्या अ‍ॅक्सलवर किंवा त्याच्याही मागे.

म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय मी वजनावर तोलतो. खाली दिलेल्या रचनेचं वजन चांगल्या जड प्लायमध्ये साधारण ४३ किलो भरतं, हलक्या प्लायमध्ये ३३ च्या आसपास. ताकदीत ती कुठे कमी पडत नाही, फक्त खण पूर्ण बाहेर न येता दोन तृतीयांश येतो. हा सौदा मला मान्य आहे.

बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत तिसऱ्या रांगेतल्या सीटचा प्रश्न येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल करता येत नाही, आणि आसनक्षमता ही आरसीतली नोंद आहे. त्यामुळे सीट कापणं, तिचे ब्रॅकेट ग्राइंड करणं हे विषयच नको. खणांचा सांगाडा चार बोल्ट काढले की बाहेर निघाला पाहिजे आणि सीट परत तिच्या जागी बसली पाहिजे. तसा तो ठेवला तर पावसाळ्यात काढून फरशी वाळवताही येते.

माप

डिकीची आतली रुंदी फसवी असते. खरं माप दाराच्या चौकटीचं, आणि तेही लॉकचा हूक, रबर बीडिंग आणि दिव्याचं आवरण वगळून. सांगाडा तिथूनच आत जाणार आहे. बाजूला उघडणाऱ्या मागच्या दाराच्या गाडीत, म्हणजे थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो, आणखी एक गोष्ट बघायची: दार पूर्ण उघडल्यावर बिजागरीच्या बाजूला ते चौकटीच्या रेषेत किती आत डोकावतं. त्या बाजूचा खण दाराच्या आतल्या पॅनेलला घासतो, आणि हे सगळं बनवून झाल्यावरच कळतं. पुठ्ठ्याचा एक खोटा खण करून खरोखर ओढून बघा. टीव्हीचा किंवा कूलरचा खोका पुरतो.

व्हील आर्चच्या (डिकीत आलेल्या चाकांवरच्या फुगवट्यांच्या) मधलं अंतर तीन ठिकाणी मोजा: पुढे, मध्ये, मागे. तिन्ही क्वचितच सारखी येतात. सगळ्यात लहान माप धरा आणि त्यातून १० मिमी वजा करा. आर्चच्या मागे जे कोनाडे उरतात त्यांवर वेगळी झाकणं येतील. टो स्ट्रॅप (अडकलेली गाडी ओढायचा पट्टा), पाना-पेटी तिथे बसते. जॅक, स्टेपनी खाली सोडायचा रॉड, फ्यूज बॉक्स यांच्यावर सांगाडा येत असेल तर रचना बदला, कारण पंक्चर रात्री चिखलात झालं तर आधी खण रिकामे करावे लागतील.

इथे हिशोबासाठी बाहेरचं माप ९६० रुंद, ९०० लांब, २८० उंच (खालच्या लोखंडी पट्ट्या सोडून) असं धरतो, सगळं मिलिमीटरमध्ये. तुमच्या गाडीप्रमाणे आकडे बदला, पण फटी आणि जाड्या याच ठेवा.

१२ एमएमचे तुकडे असे: वरचा तक्ता ९६०×९०० एक. उभ्या भिंती ९००×२६८ तीन. पाठ ४६२×२६८ दोन, भिंतींच्या मध्ये बसणारी. खण सरकायच्या पट्ट्या ८४०×४० आठ, दोन-दोन चिकटवून २४ मिमी जाडीच्या चार होतील. खणाच्या बाजू ८६०×२१६ चार, पुढची-मागची फळी ४३२×२१६ चार, दर्शनी फळी ४७७×२७० दोन. खणाचा तळ ९ एमएमचा, ४५६×८६०, दोन. एकूण १२ एमएमचा साडेतीन चौरस मीटर लागतो, म्हणजे आठ बाय चारच्या दोन शीट. उरलेल्यात बाजूची झाकणं निघतात. कापून घ्यायचं काम प्लायच्या दुकानाशेजारच्या पॅनल सॉवर द्या. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास हे सहज होतं. पात्याची जाडी ३ ते ४ मिमी खाल्ली जाते, ती आराखड्यात धरा. हातकरवतीने काटकोन जुळत नाही आणि खणाच्या कामात काटकोन हेच सगळं आहे.

तळाला पूर्ण फळी मुद्दाम घातलेली नाही. ती सात किलोंची असते आणि काहीच उचलत नाही. तिच्या जागी ४०×५ च्या दोन लोखंडी पट्ट्या आडव्या जातात, एक अगदी तोंडाशी आणि एक पाठीजवळ. भिंती त्यांवर उभ्या राहतात आणि गाडीला बोल्टही याच पट्ट्यांतून जातात. दोन्हींचं मिळून वजन तीन किलो.

प्लाय कुठला? आयएस ७१० (भारतीय मानक) चा मरीन प्लाय घेतला तर पाण्याची काळजी मिटते, पण गर्जन लाकडाचा असला तर तो जड, चौरस मीटरला १२ एमएममध्ये सव्वाआठ-साडेआठ किलो. पॉप्लरच्या गाभ्याचा आयएस ३०३ बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) प्लाय सहा किलोच्या आसपास असतो आणि या कामाला पुरतो, अट एकच: सगळ्या कडा बंद करायच्या. शीट घेताना चारी कडा उजेडात बघा. थरांमध्ये पोकळी दिसली की ती शीट परत, कारण नेमक्या त्या पोकळीत स्क्रू जातो आणि फिरत राहतो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ गाडीत आणूच नका. कोकणातला एक पावसाळा त्यांना पुरेसा आहे.

चॅनल की बेअरिंग

किचनमधलं ४५ मिमी रुंदीचं टेलिस्कोपिक चॅनल जोडीला ३५-४५ किलो पेलतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ते घरातल्या स्थिर भिंतीवरचं. कच्च्या रस्त्याच्या नालीदार पट्ट्यांवर गाडी सेकंदाला कित्येकदा हादरते, गोळ्यांची पत्र्याची पट्टी सैल होते आणि एक दिवस गोळ्या खणात सांडलेल्या सापडतात. धूळ शिरली की हे आणखी लवकर. हेवी ड्यूटी चॅनल टिकतं, त्याला उघड्या आणि बंद अवस्थेत लॉकही असतो, पण तीन फुटी जोडी आठ-दहा किलोची, आणि प्रत्येक बाजूला १९ मिमी जागा खाते. दोन खणांत मिळून सात सेंटिमीटरहून जास्त रुंदी गेली. शिवाय ते आडवं झोपवून खणाखाली लावू नये. उभं लावायला बनवलेल्या चॅनलची क्षमता आडवं लावल्यावर साधारण पाव भागावर येते. पूर्ण बाहेर यायलाच हवा असा खण असेल, उदाहरणार्थ फ्रिजचा, तरच चॅनल लावा.

नाहीतर खण प्लास्टिकच्या पॅडवर सरकू द्या. एचडीपीई किंवा यूएचएमडब्ल्यू या कठीण, गुळगुळीत प्लास्टिकची शीट इंजिनिअरिंग प्लास्टिकवाल्यांकडे कापून मिळते. पुण्याजवळ भोसरीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या भागात विचारा. पण नुसत्या पॅडवर सरकवण्यातली अडचण आकड्यांत बघा. भरलेला खण ४० किलोचा, घर्षणांक ०.२ धरला, तर बंद अवस्थेत ओढायला आठ किलोचा जोर लागतो. तोच खण ५८० मिमी बाहेर काढला, २८० आत राहिला, की त्याचा मध्य तोंडाच्या १५० मिमी बाहेर जातो. खण पुढे झुकतो, त्याची मागची वरची कड तक्त्याला खालून २१ किलोने ढकलते आणि तोंडावर ६१ किलो येतात. दोन्हीकडे मिळून घर्षण सोळा किलोंचं. म्हणून असे खण उघडताना सुरुवातीला हलके आणि शेवटी जड लागतात, आणि आत ढकलताना माणूस गुडघा लावतो.

तोंडाशी बेअरिंग बसवलं की हा प्रश्न सुटतो. ६०८-२आरएस घ्या: आतलं भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, रुंदी ७, दोन्ही बाजूंनी रबरी सील. एम८ चा (८ मिमी जाडीचा) बोल्ट त्यात नेमका बसतो. एका खणाला दोन लागतात. आता नीट बघा, कारण इथे दोन मिमी चुकले तर खण डुगडुगतो. भिंतीच्या खालच्या कडेपासून बेअरिंगच्या आसाचं भोक १८ मिमी वर. बेअरिंगचा माथा आला २९ वर. सरकायच्या पट्टीचा माथा २४ वर, म्हणजे बेअरिंग पाच मिमी उंच. खणाच्या तळाला दोन्ही कडांनी २५×३ ची अ‍ॅल्युमिनियम पट्टी, ती बेअरिंगवर चालते. मागच्या टोकाला शेवटचे ८० मिमी ही पट्टी नाही, तिथे ८ मिमी जाडीचा एचडीपीई पॅड, तो सरकायच्या पट्टीवर टेकतो. पाच अधिक तीन आठ, खण सपाट बसला. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी नसेल तर बेअरिंगची पोलादी कड महिनाभरात प्लायमध्ये चर पाडते.

आसाला एकाच बाजूने, नुसत्या प्लायमधून आधार दिला तर खड्ड्यात बोल्ट वाकतो. बेअरिंग भिंतीपासून १४ मिमी आत ठेवा, म्हणजे ते अ‍ॅल्युमिनियम पट्टीच्या स्क्रूंवरून चालणार नाही, आणि आसाच्या आतल्या टोकाला २५×२५×३ च्या अँगलचा तुकडा द्या. तो अँगल तोंडाच्या लोखंडी पट्टीला बोल्ट होतो. आता वजन लोखंडातून लोखंडात जातं, प्लाय फक्त उभा राहतो.

खणाच्या मागच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर ९ मिमीचे पॅड लावा. खणाची उंची २१६ अधिक तळाचे ९ अशी २२५ धरली की पॅड आणि तक्ता यांच्यात दोन मिमी फट उरते. तेवढीच हवी. जास्त ठेवली तर खण उघडताना टोक खाली पडतं. तो २१ किलोचा वरचा धक्का तक्त्यालाच बसतो, म्हणून तक्ता भिंतींना नुसत्या उभ्या स्क्रूंनी जोडू नका. अ‍ॅल्युमिनियम अँगल आणि एम५ चे बोल्ट, नायलॉक नटसह (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा नट), दर १५० मिमीला.

तळ खालून नुसता स्क्रू केला तर हादऱ्यांनी स्क्रूची डोकी प्लायमधून आरपार ओढली जातात आणि तळ पुढच्या कडेला सुटतो. ही सगळ्यात जास्त दिसणारी मोडतोड. इथे ती अ‍ॅल्युमिनियम पट्टी दुसरं काम करते: स्क्रू तिच्यातून, मग तळातून, मग बाजूच्या फळीत. लांबलचक वॉशरच झाला. ४×३५ चे स्क्रू, दर १०० मिमीला, डोकी पट्टीत पूर्ण बुडवलेली, शिवाय मरीन गोंद. प्लायच्या कडेत स्क्रू जातोय, त्यामुळे आधी अडीच मिमीचं भोक पाडल्याशिवाय एकही मारू नका, नाहीतर थर फाकतात.

बाजूंना प्रत्येकी तीन मिमी फट ठेवली आहे, म्हणजे ४६२ च्या कप्प्यात ४५६ चा खण. सुतार ही फट बघून नाराज होईल, त्याला दीड मिमी पुरेल असं वाटेल. पण ही गाडी तिरकी उभी राहणार आहे. एक चाक दगडावर, दुसरं खड्ड्यात असलं की बॉडी पिळते आणि तिच्यासोबत सांगाडाही. दीड मिमीचा खण तेव्हाच अडकतो, आणि टो स्ट्रॅप हवा असतो तोही तेव्हाच. जोडताना दोन्ही कर्ण मोजा, फरक दोन मिमीच्या आत हवा. पाठीची फळी गोंद लावून चारी बाजूंनी बसवा. सांगाडा समांतरभुज होऊ न देण्याचं काम तीच करते.

खटका असा हवा जो दर्शनी फळी मागे ओढून धरतो. दुमडत्या टी-हँडलचं कॉम्प्रेशन लॉक ते करतं. फळीच्या मागे पाच मिमीची रबर पट्टी आणि खणाच्या पाठीमागे, तिथली फट भरून दाबले जातील असे दोन रबर बफर. खण दोन रबरांच्या मध्ये दाबून बसला की आवाज संपला. नुसती कडी लावलेला खण पुढे-मागे दोन मिमी खेळतो आणि दिवसभर ठकठक करतो. उघड्या खणालाही अडकण हवी. उतारावर उभ्या गाडीत ४० किलोचा खण आपोआप मिटला तर बोटं जातात. सरकायच्या पट्टीत एक भोक आणि स्प्रिंगची पिन पुरते. खण पूर्ण सुटून पडू नये म्हणून ५८० वर अडणारा ठोकळा ठेवा, दोन बोल्टचा, म्हणजे धुवायला खण काढता येईल.

गाडीला धरून ठेवणं

इथे काटकसर नको. ताशी ५० किमीने जाणारी गाडी ६० सेंटिमीटरमध्ये थांबली तर मंदन गुरुत्वाच्या सोळा पट येतं. खण आणि सामान मिळून १२० किलो असेल तर त्याचा पुढचा धक्का १,९०० किलोच्या वजनाइतका होतो, आणि समोर मागच्या सीटची पाठ आहे, तिला टेकून कोणीतरी बसलेलं आहे.

८.८ ग्रेडचा (मजबूत पोलादाचा) एक एम८ बोल्ट दोन टनांहून जास्त ताण सोसतो. चार बोल्ट असले की बोल्ट तुटायची भीती नाही. फाटतो तो फरशीचा पत्रा, कारण तो जेमतेम एक मिमीचा असतो. म्हणून कंपनीने दिलेली जागा वापरा: तिसऱ्या सीटचे बोल्ट जिथे येतात तिथे खाली जाड नट वेल्ड केलेला असतो. लोखंडी पट्टीतली भोकं त्या जागांना जुळवा. सामान बांधायचे छोटे हूक ज्या स्क्रूवर असतात ते एवढ्या जोरासाठी नाहीत. सीट बेल्टचे बोल्ट तर अजिबात सोडवायचे नाहीत.

कंपनीची जागा मिळाली नाही तरच भोक पाडा, आणि त्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, वायरिंग, सगळं डिकीखालून जातं. ड्रिलच्या बिटवर १५ मिमीला लाकडी ठोकळ्याचा थांबा घाला. खालून ५०×५०×३ ची प्लेट, कडा गोल केलेली, मध्ये सीलंट, आणि उघड्या धातूला आधी झिंक प्रायमर. रिवनट (भोकात दाबून बसवायचा नट) पत्र्यालाच धरतो, त्यामुळे तो दिव्याच्या पट्टीला ठीक, खणांना नाही. बोल्ट २० ते २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा.

फ्रिज वर ठेवणार असाल तर त्याचा पट्टा प्लायला नाही, या लोखंडी पट्टीला किंवा गाडीच्या हूकला गेला पाहिजे. भरलेला ४० लिटरचा फ्रिज सहज ३० किलोच्या पुढे जातो आणि तो खणांच्या उंचीवर चढलेला असतो. तिरक्या चढावर ते वजन जाणवतं. पाण्याचा २० लिटरचा कॅन वर नाही, सीटच्या पाठीला खेटून, खाली. खणांतही जड हत्यारं आतल्या टोकाला, हलकं तोंडाशी. तोंडाशी जड ठेवलं की मघाचे ६१ किलो आणखी वाढतात. गॅसचा सिलिंडर बंद खणात कधीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खणाच्या तळाशी साचून राहतो, आणि तिथेच इन्व्हर्टर किंवा फ्रिजची वायर असते.

फिनिशिंगवर फार वेळ घालवू नका. सगळ्या कडांना पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात, भोकांच्या आतूनही, मग पूर्ण फळीला एक. कार्पेट फक्त वरच्या तक्त्यावर. खणात कार्पेट टाकलं की धूळ कधीच निघत नाही, त्याऐवजी पातळ रबर मॅट टाका. धूळ यायचीच, कारण धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराची रबरं धूळ आत ओढतात. खणाच्या तोंडाची रबर पट्टी निम्मं काम करते. उरलेलं दाराचं बीडिंग बदलून होतं. पॅड आणि बेअरिंगला ग्रीस लावायचं नाही. ग्रीसमध्ये धूळ बसून त्याची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. पॅडवर मेणबत्ती घासा, बस.

पहिल्या शंभर किलोमीटर कच्च्या रस्त्यानंतर सगळे नट परत बघा. आवळल्यावर नट आणि पट्टी यांवरून मार्करची एक सरळ रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय. सगळ्यात आधी सैल होतात ते बेअरिंगच्या आसाचे, कारण ते उभ्या हादऱ्यात असतात. तिथे नायलॉक असूनही मी दुसरा नट मागून लावतो.